लॉर्ड लोम यांचा महिन्याचा चहा

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत घरकामाला येणाऱ्या मावशींनी रहिवाशांची लिफ्ट वापरावी की नाही यावर वाद पेटला की, इंग्लंडमधले आम्ही मराठी लोक ठरलेले वाक्य टाकतो: 'आमच्याकडे प्रत्येक जण आपला संडास स्वतः धुतो.' हे खरे असले, तरी त्यात समतेचा वाटा किती याविषयी मला शंका आहे. येथे 1999 पासून तासाची किमान मजुरी कायद्याने ठरलेली आहे आणि त्या दराने रोज माणूस ठेवणे बहुतेकांना परवडत नाही.

जे. एम. बॅरी यांच्या 'द ॲडमिरेबल क्रायटन' या 1902 साली लंडनमध्ये रंगमंचावर आलेल्या नाटकात ही फसगत नेमकी पकडली आहे. समतावादी लॉर्ड लोम महिन्यातून एकदा नोकरांना दिवाणखान्यात बोलावून आपल्या मुलींच्या हातून चहा देववतात, आणि त्यात नोकरांचीच कोंडी होते. बटलर क्रायटनला तर तो प्रकार असह्य वाटतो. पुढे जहाज फुटून ही मंडळी निर्जन बेटावर अडकतात, तेव्हा ज्याच्या हातात कसब आहे तो क्रायटनच मालक होतो आणि दोन वर्षांनी लॉर्डांची कन्या लेडी मेरी त्याला वाढण्यात, पंखा ओढण्यात धन्यता मानते.

गुणवत्तेचे आपल्याकडचे कैवारी यातून 'लायक माणूस वर येतोच' असा अर्थ काढतील. मला मात्र ट्वीनी दिसते. लंडनच्या घरात ती सर्वांत खालची मोलकरीण होती; बेटावर उमरावकन्या शिकारीला जातात, आणि ही पक्ष्याची पिसे उपटत बसलेली असते. उतरंड उलटली, पण तळ जागच्या जागीच राहिला. शिवाय खुद्द क्रायटननेच खूण करून बोलावलेले सुटकेचे जहाज आले, की सारे पूर्ववत होते; लंडनला परतल्यावर लॉर्डांचा भाचा अर्नेस्ट पुस्तक लिहून सारा पराक्रम स्वतःच्या नावावर जमा करतो.

सुट्टीत मायदेशी उतरल्यावर आम्हीही दुसऱ्याच दिवशी उष्टे ताट जागेवर सोडून उठतो. महाराष्ट्राने घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळासाठी 2008 मध्ये कायदा केला. पण आपल्या मावशींची तेथे नोंदणी आहे का, त्यांना आठवड्याची भरपगारी सुट्टी मिळते का, हे आम्ही पाहुणे विचारत नाही, घरचेही क्वचितच विचारतात. दिवाळीला साडी देऊन 'त्या घरच्यासारख्याच आहेत' म्हणणे त्याहून पुष्कळ स्वस्त पडते.