सुनावणी चालू असताना कायदाच बदलला

काल कट्ट्यावर साडेअकरा वाजले ते अल्बर्टावरून. नान्याची बहीण कॅलगरीला असते, त्यामुळे कॅनडातला हा प्रांत आमच्यात अधूनमधून निघतोच. या वेळी विषय होता तिथले न्यायमंत्री मिकी एमरी.

"लोक सह्या गोळा करून म्हणतायत, कॅनडातून बाहेर पडायचं का यावर मत घ्या. मग घ्या की! एमरीही तेच म्हणतोय. मध्ये कोर्ट कशाला?" इति नान्या.

आमच्यातला वकील उसळलाच. "अरे, प्रश्न घटनेविरुद्ध नसावा ही अट अल्बर्टाच्याच कायद्यात होती. म्हणून तर निवडणूक अधिकाऱ्याने तो कोर्टाकडे पाठवला. निकालाच्या आदल्या दिवशी, 4 डिसेंबर 2025 ला, एमरींनी विधेयक आणलं: ती अट रद्द, चालू सुनावणीही बंद. न्यायमूर्ती फीज्बींनी तरीही 5 तारखेला निकाल दिला. प्रश्न घटनेत बसत नाही, मूलनिवासींच्या करारहक्कांनाही बाध आणतो. पण पुढे विधेयक मंजूर झालंच."

मला त्यातली करारांची गोष्ट सगळ्यात जास्त लागते. 1876, 1877 आणि 1899 चे करार ब्रिटिश राजसत्तेशी झालेले, आणि अल्बर्टा प्रांत जन्मला 1905 ला. ज्यांच्याशी आधी शब्द झालाय त्यांना न विचारता वेगळं व्हायचं कसं?

"मग क्यूबेक प्रांताने 1980 आणि 1995 ला वेगळं होण्यावर कौल घेतला, तो?" नान्याचा हा मुद्दा बिनतोड होता. 1995 ला तर 'नको' म्हणणारे जेमतेम 50.58 टक्के. वकिलाने 1998 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढला: एकतर्फी बाहेर पडता येत नाही, पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत आलं तर बाकी देशाला वाटाघाटी कराव्या लागतील. म्हणजे लोकांच्या मताला तिथे किंमत आहेच.

तेवढ्यात आमचा गोव्यातल्या फोंड्याचा भाई बोलला. त्याच्या आजोबांनी 16 जानेवारी 1967 च्या गोव्याच्या कौलात फुलावर शिक्का मारला होता, म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने. दोन पानं, म्हणजे वेगळं राहण्याची बाजू, 34,021 मतांनी जिंकली. "आजोबा हळहळले, पण फसवलं असं कधी म्हणाले नाहीत. कौल संसदेच्या कायद्याने झाला होता. आणि तेव्हाचे मुख्यमंत्री बांदोडकर स्वतः विलीनीकरणवाले, तरी कौलाआधी त्यांचं सरकार राजीनामा देऊन बाजूला झालं."

हे ऐकून आम्ही सगळे गप्प झालो.

नान्याने दुसरीकडून उचल घेतली. वरिष्ठ न्यायालयांचे न्यायाधीश प्रांतात बसतात, पण नेमतं त्यांना ओटावा, म्हणजे केंद्र सरकार. प्रांताला चीड येणारच. हे मला पटतं, नेमणुकीत प्रांताचं ऐकायला हवं. पण ऑक्टोबर 2025 मध्ये अल्बर्टाच्या याच सरकारने सुमारे 51,000 शिक्षकांचा संप कायदा करून मोडला आणि त्याला 'नॉटविथस्टँडिंग' कलमाचं कवच दिलं. म्हणजे मूलभूत हक्कांचा भंग होत असला तरी पाच वर्षं तो कायदा चालतो. कलम 1982 च्या घटनेतच आहे, कबूल. पण संपावरच्या मास्तरांवर ते चालवायचं? माझी आई शाळेत शिकवायची, मला हे सहन होत नाही.

वकिलाने नान्याला शेवटचं विचारलं, "उद्या तुझ्या बहिणीचा खटला चालू असताना सरकारने असाच कायदा बदलला तर?"

नान्या काही बोलला नाही. चहाचे पैसे दिले आणि म्हणाला, तिकडे आत्ता सकाळ आहे, तिला फोन करतो.