आंब्याची साल गोल सोलू नका

“मोहोर येत नसेल तर बुंध्याची वीतभर साल गोल काढा, खोडाला भोक पाडून गूळ आणि युरिया भरा, एक लोखंडी खिळा ठोका. झाडाला हृदय असतं हे जगदीशचंद्र बोसांनी सिद्ध केलंय, ते सगळं वर खेचतं.” हा संदेश आत्यापर्यंत पोचला आणि तिने परसातल्या हापूससाठी कोयता परजून ठेवला. म्हणून हे तातडीने.

आधी साल, कारण झाड मरतं ते तिथेच. सालीच्या आतल्या अंगाला रसवाहिन्या असतात. पानांत तयार झालेली साखर त्यांतून मुळांकडे उतरते. पाणी चढवणाऱ्या जलवाहिन्या त्याहून आत, लाकडात. साल सोलल्यावर लाकडावर बोटाला जे बुळबुळीत लागतं ते कॅम्बियम, नवी साल आणि नवं लाकूड तयार करणारा थर. गोल पट्टा काढला तरी पाणी चढत राहतं, पानं हिरवीगार दिसतात आणि सगळ्यांना वाटतं, काही बिघडलं नाही. खाली मुळं उपाशी असतात. पट्ट्याच्या वरच्या काठाला सूज येते, ती अडलेल्या साखरेमुळे. मुळांतला साठा संपला की बारीक मुळं मरतात, मग पाणीही बंद आणि झाड शेंड्याकडून वाळायला लागतं. याला कित्येक महिने लागतात, तोवर सोललेली साल कोणाच्या ध्यानातही नसते.

एवढं मान्य, की साखर वर अडवली तर फळाला फायदा होतो. द्राक्षाला गर्डलिंग, म्हणजे सालीचा गोल पट्टा काढणं, करतात ते त्यासाठीच. पण तो पट्टा 3 ते 5 मिलिमीटरचा, लाकडाला धक्का न लावता काढलेला. काही आठवड्यांत भरून येतो. वीतभर जखम भरत नाही.

हृदयाचं म्हणाल तर सालीतल्या जिवंत पेशी स्पंदनाने पाणी चढवतात असं बोसांनी 1923 मध्ये मांडलं होतं खरं, पण ते टिकलं नाही. त्याच्या कितीतरी आधी एडुआर्ड श्ट्रासबुर्गर या वनस्पतिशास्त्रज्ञाने सुमारे 20 मीटर उंच ओक बुंध्याशी कापून पिक्रिक आम्लाच्या द्रावणात उभा केला होता. वाटेतल्या जिवंत पेशी मरत गेल्या, तरी द्रावण शेंड्यापर्यंत चढलं. पानं मेली तेव्हा थांबलं. ओढ पानांची आहे. पानांतून वाफ उडते आणि मागचा पाण्याचा अखंड धागा ताणला जातो.

भोक पाडलं की त्या ताणलेल्या धाग्यात हवा शिरते आणि तेवढ्या वाहिन्या कायमच्या निकामी होतात. वर युरियाचं दाट द्रावण आजूबाजूच्या पेशी जाळतं. नारळाला तर हे मुळीच करू नका: त्याच्या खोडात कॅम्बियमच नाही, भोक कधीच बुजत नाही, आणि सोंड्या भुंगा नेमका अशा जखमेत अंडी घालतो. खिळ्याने काहीच मिळत नाही. लोह विरघळलेलं हवं, आणि ते मुळांनी उचलायचं असतं.

साल आधीच काढली असेल तर वाट बघू नका, साखरेला खाली उतरायला जखमेवर पूल बांधा. त्याच झाडाच्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या घ्या, दोन्ही टोकं तिरकी तासा आणि जखमेच्या खालच्या-वरच्या सालीखाली सरकवा, दर 5 ते 7 सेंटिमीटरवर एक. काडीचा बुडखा खाली, शेंडा वर. उलटी लावलेली काडी टिकत नाही. टोकं बारीक खिळ्यांनी पक्की करा आणि सांधे मेणाने बंद करा.