फ्लॅट चार लाखांचा, वरचे वेगळे

पोरगं जर्मनीत घर घेतंय हे कळल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल तर संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेलो, धारोष्ण दुधाचा ग्लास हातात घेतला आणि चारचौघांना सांगून आलो. तिथंच चुकलं. त्या दिवसापासनं रोज कोण ना कोण विचारतंय, झालं का घर, आणि मी रोज एक नवीन टॅक्स समजावून सांगतोय.

सुरुवात रविवारच्या व्हिडिओ कॉलनं झाली. तांबडा-पांढरा वरपून जरा आडवा झालेलो, तेवढ्यात पोराचा फोन. म्हणतोय, "पप्पा, फ्लॅट चार लाख युरोचा आहे, पण वरचे अठ्ठेचाळीस हजार लागतील, आणि ते बँक देत नाही, स्वतःचेच घालायला लागतात." मी ताडकन उठून बसलो. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला बरंच वाटलं. म्हटलं चला, तिकडं पण वरचे लागतात, म्हणजे माणसं आपल्यातलीच आहेत. आवाज बारीक करून विचारलं, "कुणाच्या हातात द्यायचे?" तर म्हणतोय, "कुणाच्या हातात नाही पप्पा, सगळं पावतीवर आहे, कायद्यात लिहिलंय."

पावतीवर वरचे! उभ्या आयुष्यात असलं काय ऐकलं नव्हतं.

मग त्यानं हिशोब सांगायला सुरुवात केली आणि मी कॅलेंडरच्या पाठीमागं लिहायला. त्याचा फ्लॅट डसेलडॉर्फमधे, ते ज्या राज्यात येतं तिथं घरखरेदीवर साडेसहा टक्के टॅक्स. चार लाखावर २६ हजार युरो. युरो शंभर रुपयाला धरला, म्हणजे तो त्याच्याही वर गेलाय पण आपलं हिशोबाला सोपं म्हणून, तरी २६ लाख रुपये झाले. त्याच्या निम्म्याच्याही निम्म्यात मी हे राहतं घर बांधलंय, जिना आणि पाण्याच्या टाकीसकट. त्या टॅक्सचं नाव 'ग्रुंडएरवेर्बश्टॉयर'. मी ते कट्ट्यावर म्हणून दाखवलं तर आमचा एक दोस्त म्हणतोय, "शिवी द्यायची असली तर मराठीत दे की लेका."

पुढं कळलं की हा टॅक्स प्रत्येक राज्यात वेगळा. बव्हेरियात साडेतीनच टक्के. हे ऐकल्यावर माझ्यातला कोल्हापूरकर जागा झाला, कारण पेट्रोल दोन रुपयं स्वस्त आहे म्हणून निपाणीला जाऊन टाकी फुल्ल करून येणारी माणसं आम्ही, आणि येताना कागलला चहा पिऊन वाचलेले पैसे घालवणारी पण आम्हीच. म्हटलं, "मग पलीकडच्या राज्यात घे की घर! बारा लाख वाचतील." पोरगं शांतपणे म्हणालं, "पप्पा, बव्हेरियात म्युनिक आहे, तिथं एवढ्या पैशात संडास-बाथरूम येईल, आणि माझी नोकरी डसेलडॉर्फला आहे." ठीक आहे. म्हटलं, मग सूनबाईच्या नावावर घे, एक टक्का सुटेल. परवाच मेव्हण्यानं फ्लॅट घेतला तो बायकोच्या नावावर, स्टॅम्प ड्युटीत एक टक्का कमी, आणि नोंदणी फी तर आपल्याकडं ३० हजाराच्या वर जातच नाही. तर तिकडं तसलं काही नाही. बायकोच्या नावावर घ्या नाहीतर सासूच्या, साडेसहा म्हणजे साडेसहा. रेडीरेकनर, म्हणजे आपला सरकारी दर, विचारला, तोही नाही. ओळखीचं कोण आहे का विचारलं तर पोरगं नुसतं बघत बसलं.

आता नोटरी. नोटरी म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर कोर्टाजवळ टेबल टाकून बसलेला काळ्या कोटातला माणूस, जो आपल्याकडं न बघता शिक्का मारतो आणि शंभर-दोनशे घेऊन पुढच्याला हाक मारतो. म्हणून मी म्हटलं, नोटरीचं काय एवढं, देऊन टाक. तर नोटरी आणि तिथलं जमिनीचं दप्तर, म्हणजे आपला सातबारा समजा, दोन्ही मिळून जवळजवळ आठ हजार युरो. आठ लाख! मी विचारलं, "एवढं करतो काय तो?" तर तो वाचतो. अख्खं खरेदीखत पहिल्या पानापासनं शेवटच्या पानापर्यंत मोठ्यानं वाचून दाखवतो, कायदाच आहे तसा, घेणारा देणारा दोघांनी समोर बसून ऐकायचं. आमच्या सूनबाईंचं जर्मन अजून भाजी आणण्यापुरतंच, म्हणून मग दुभाषा, त्याचे पैसे वेगळे. म्हणजे एक पोथी वाचणार, दुसरा अर्थ सांगणार. बायको म्हणाली, "सत्यनारायणच की हा." मी म्हटलं, सत्यनारायणाला निदान प्रसादाचा शिरा मिळतो.

एजंटाचे तीन टक्के, त्यावर १९ टक्के व्हॅट, म्हणजे ३.५७. विकणाऱ्यानंही तेवढेच द्यायचे, २०२० च्या डिसेंबरपासनं तसा कायदा केलाय. त्याच्या आधी कित्येक ठिकाणी सगळं घेणाऱ्याच्याच बोडक्यावर असायचं म्हणे. मी म्हटलं त्याला कमी करायला सांग. पोरानं सांगून बघितलं. एजंट म्हणे हसला, आणि घ्यायला अजून चौघं तयार आहेत म्हणाला. हा डायलॉग मात्र राजारामपुरीत शिकल्यासारखा होता.

हे सगळं मी रंकाळ्यावर सकाळच्या फिरण्यात रंगवून सांगितलं तर तिथं वेगळंच झालं. आमच्या ग्रुपात निम्म्यांची पोरं बाहेर, आणि आजवर आम्ही पॅकेजवरनं खुन्नस धरायचो, त्या दिवशी टॅक्सवरनं सुरू झाली. एकाची पोरगी सिडनीला. तो म्हणाला, साडेसहाचं काय सांगतोस, आमच्याकडं पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, नसेल तर नेहमीची ड्युटी वेगळी आणि परकी माणसं म्हणून नऊ टक्के वर, आणि आता तर २०२७ च्या मार्चपर्यंत जुनं घर घ्यायलाच बंदी. लंडनवाला म्हणाला, आमच्यात दोन टक्के जादा, तेही वर्षात १८३ दिवस तिकडं काढले नसतील तरच. त्याला कुणी चहापण विचारला नाही. शेवटी सिंगापूरवाला, जो एरवी तोंड उघडत नाही, तो कानटोपी सारखी करत म्हणाला, "साठ टक्के."

सगळे जागच्या जागी थांबले.

"२०२३ पासनं. परक्या नागरिकाला घर घ्यायचं असलं तर किमतीवर साठ टक्के. म्हणून पोरगं भाड्यानंच राहतंय." काय सांगू, त्याच्या चेहऱ्यावर काय रुबाब होता! जर्मनी परक्याला एक पैसा जादा लावत नाही, तिथल्या माणसाला जेवढं कापतात तेवढंच आपल्याला, त्यामुळं माझा पोरगा पहिल्याच फेरीत बाद.

घरी आल्यावर नवीनच. तिकडं बरेच फ्लॅट किचनशिवाय देतात. म्हणजे खोली असते, पण ओटा, कपाटं, सिंक काढून घेऊन मालक जातो. बायकोला हे पटेचना, तिनं तीनदा विचारलं, "सिंकपण?" पण यांचा मालक किचन ठेवून जाणार होता, बारा हजार युरोला, आणि ते खरेदीखतात वेगळं दाखवलं की तेवढ्यावर टॅक्स लागत नाही, कारण ते घर नव्हे, सामान. ७८० युरो वाचले. माझे डोळे चमकले. "मग किचन दोन लाखाचं दाखव की!" पोरगं म्हणालं, "पप्पा, टॅक्सवाले विचारतात, ओटा सोन्याचा आहे का म्हणून."

मग राहिलं आमचं काम, इथनं ४० लाख पाठवायचं. बँकेत गेलो तर खिडकीतली मुलगी म्हणाली, काका, वर्षाला १० लाखाच्या वर पाठवलं की वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकच आधी कापून घेते तो टॅक्स. ३० लाखावर सहा लाख. रिटर्न भरताना हिशोबात धरतात, परत मिळतं. म्हटलं, परत द्यायचंय तर घेता कशाला? तिनं वर बघितलं, खाली बघितलं आणि बारीक आवाजात म्हणाली, "काका, १० लाखाची मर्यादा प्रत्येक पॅनला, प्रत्येक आर्थिक वर्षाला आहे." विषय हार्ड! चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या भाषेत बोललं. मार्चमधे मी १० बायको १०, एप्रिलमधे परत मी १० बायको १०, आणि पैसे भरायची तारीख मेमधे. सगळं कायद्यात, टीसीएस शून्य. फक्त बायकोचे २० लाख आणायचे कुठनं? ती शिक्षिका म्हणून रिटायर झालेली, पेन्शन घरातच खर्च होती असा माझा समज. घाबरत विचारलं, तर भाजी निवडत म्हणाली, "माझी ठेव आहे पतसंस्थेत." किती? "लागतील तेवढे आहेत." पंचेचाळीस वर्षं संसार केलाय मी या बाईबरोबर.

झालं, पोथी वाचून झाली, सह्या झाल्या, महिन्याभरानं टॅक्सचं पत्र आलं, तो भरल्यावर टॅक्स ऑफिसनं 'आमची हरकत नाही' असा दाखला दिला, ज्याचं नाव पोस्टकार्डावर एका ओळीत मावणार नाही, आणि परवा किल्ली मिळाली. आता व्हिडिओवरनं वास्तुशांत करायची म्हणून मी आमच्या गुरुजींकडं गेलो. दक्षिणा अकरा हजार म्हणाले. मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू, किती महिने झाले, कुणाशी घासाघीस म्हणून केली नव्हती! अर्धा तास घातला, दोन कप चहा झाला, सात हजारावर तोडलं. उठून चपला घातल्या तेवढ्यात गुरुजी आतनं म्हणाले, "सात ठीक आहे, पण वरचं वेगळं हं."

मी परत आत जाऊन बसलो आणि कॅलेंडर मागितलं.