चिप लावा, डिझेल वाचवा? पिकअपवाल्यांच्या त्या मेसेजला उत्तर

पिकअपवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: डॅशबोर्डखालच्या सॉकेटात ही चिप खोचा, ताकद 35 टक्के वाढेल, अ‍ॅव्हरेज 25 टक्के वाढेल, इंजिनाला काही होत नाही, अमेरिकेत सगळे पिकअपवाले हेच लावतात. मी बीडला डिझेल इंजिनांच्या पंप-नोझलचं काम करतो. चार जण तीच चिप हातात घेऊन माझ्याकडे आले. ज्याच्या डोक्यावर गाडीचे हप्ते आहेत त्याला डिझेल वाचवायचं आमिष दाखवून लुबाडायचं, हे मला बघवत नाही. म्हणून एकेक दावा घेतो.

‘सॉकेटात खोचली की झालं.’ यातली एक चिप मी स्क्रूड्रायव्हरने उघडली. आत नखाएवढं बोर्ड, तीन बारीक दिवे, एक बटन, एक छोटी आयसी. त्या सॉकेटाला 16 पिना असतात. ईसीएमशी, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायचं तर हल्लीच्या गाड्यांत 6 आणि 14 नंबरच्या पिना लागतात. या बोर्डावर त्या दोन पिनांपासून आयसीपर्यंत रेघच नव्हती. जोडलेला होता तो फक्त 16 नंबरचा बॅटरीचा प्लस आणि अर्थिंग. दिवे लुकलुकतात तेवढंच. आपल्यात काही खोचलंय हे ईसीएमला कळतसुद्धा नाही. आणि तीच चिप बोलेरो, योद्धा, दोस्त अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या सगळ्या पिकअपना चालते म्हणतात. प्रत्येक इंजिनाचा मॅप, म्हणजे डिझेल कधी आणि किती सोडायचं याचा तक्ता, वेगळा असताना हे कसं होईल?

खरोखर काम करणाऱ्या वस्तू वेगळ्या. सगळ्यात स्वस्त म्हणजे हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरीत टाकलेला रेझिस्टन्स. त्यामुळे ईसीएमला वाटतं बाहेर गारवा आहे, हवा दाट आहे, आणि ते डिझेल थोडं वाढवतं. परभणीत मे महिन्यात 43 अंश ऊन असतं. 20 अंशांच्या हवेपेक्षा ती हवा त्याच दाबाला साधारण 7 टक्क्यांनी विरळ. ऑक्सिजन कमी असताना डिझेल वाढवलं की काळा धूर ठरलेला. दुसरा प्रकार ट्यूनिंग बॉक्स. नोझलांना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीला रेल म्हणतात. तिच्यातला दाब मोजणारा सेन्सर आणि ईसीएम यांच्या मध्ये हा बॉक्स बसतो. रेलमध्ये 1600 बार असले तर ईसीएमला 1450 सांगतो. मग पंप दाब वाढवतो आणि नोझल तेवढ्याच वेळात जास्त डिझेल सोडतो. तिसरा रिमॅप, म्हणजे ईसीएममधली फाइलच बदलणं. बॉक्स आणि रिमॅपने टर्बो डिझेलची ताकद खरंच वाढते, हे मी नाकारत नाही. पण ती वाढते जास्त डिझेल जाळूनच.

म्हणून ‘ताकदही वाढेल, अ‍ॅव्हरेजही वाढेल’ हे पटण्यासारखं नाही. लिटरभर डिझेलमध्ये विजेच्या बिलातल्या सुमारे 10 युनिटांएवढी ऊर्जा असते. आपलं इंजिन अगदी जमलेल्या आरपीएमला त्यातली 40 टक्क्यांच्या आसपास कामाला लावतं, बाकी रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे जाते. 25 टक्के अ‍ॅव्हरेज वाढवायचं तर त्या 40 चे 50 करावे लागतील. 50 टक्के गाठणारी इंजिनं आहेत, पण ती मालवाहू जहाजांची, घराएवढी. हलक्या लोडला चांगल्या रिमॅपने थोडाफार फरक पडतो, पण 25 टक्के नाही.

‘मीटरवर दाखवतंय ना!’ असं मला ट्यूनिंग बॉक्स लावलेल्या दोघांनी सांगितलं. दाखवणारच. ट्यूनिंग बॉक्सने ईसीएमला दाब कमी सांगितलेला असतो, म्हणून ईसीएमच्या हिशेबात डिझेलही कमीच गेलेलं असतं. मीटर तोच हिशेब दाखवतं. टाकी काठोकाठ भरा, नेहमीच्या वाटेने नेहमीचा लोड घेऊन 300 किलोमीटर जा, परत त्याच पंपावर काठोकाठ भरा आणि भागाकार करा. हेच खरं अ‍ॅव्हरेज.

आता ‘इंजिनाला काही होत नाही’. इथे मला राग येतो. गेल्या एप्रिलात गेवराईकडचा एक पोरगा ट्यूनिंग बॉक्स लावलेली पिकअप घेऊन आला. टरबूज भरून सोलापूरला जायचा. म्हणाला, “मिस्त्री, मांजरसुंब्याचा घाट तर तिसऱ्यात चढायली, पण पाणी लई खायली.” बॉक्स काढ म्हणालो, त्याने ऐकलं नाही. महिनाभराने गाडी टोचन करून आणली. हेड उतरवलं तर तीन नंबरच्या पिस्टनची कड उंदराने भाकरी कुरतडावी तशी गेलेली, आणि पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या लायनरवर बोट फिरवलं की ओरखडे लागायचे. कार ओव्हरटेक करताना चार सेकंद पूर्ण दाबली जाते. दीड टन टरबूज भरलेली पिकअप घाटात मिनिटामागून मिनिट पूर्ण दाबलेलीच असते. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांनाच वितळतं. खालून ऑइल लागून गार राहतो म्हणून तो टिकतो. वाढीव डिझेलची उष्णता त्या ऑइलला पेलली नाही की पहिली झीज तिथे. क्लच प्लेट आणि टर्बो त्याच्या मागोमाग. त्या पोराचा अख्खा हंगाम गाडीविना गेला.

अमेरिकेचं उदाहरण तर उलटंच आहे. तिकडच्या डिझेल पिकअपची इंजिनं 6.7 लिटरपर्यंतची, आपली साधारण दीड ते अडीच लिटरची. आणि तिथेही हे राजरोस चालत नाही. 2020 च्या आधीच्या दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपवरची प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढून टाकली गेली, असा अंदाज तिथल्या पर्यावरण खात्याने 2020 मध्ये दिला आणि असं साहित्य विकणाऱ्यांवर त्या खात्याने कारवायाही केल्या. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्यात बेकायदा बदलाला कलम 182अ खाली दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. बीएस-6 गाडीत काजळीचा फिल्टर असेल तर वाढलेल्या धुराने तो तुंबतो. वॉरंटीतल्या गाडीला तर हात लावूच नका.

तरीही कुणाला रिमॅप करायचाच असेल तर करणाऱ्याला विचारा: माझ्याच इंजिनाची फाइल आहे का, मूळ फाइल जपून ठेवणार का, डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, आधीचा आणि नंतरचा आकडा दाखवणार का, पूर्ण लोडवर सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराचं तापमान मोजलं का. यातल्या एकाचंही उत्तर त्याने टाळलं तर तिथून निघा.

त्या चौघांपैकी एकाची गाडी मी त्याच दिवशी जॅकवर घेतली. एअर फिल्टर झटकला तर सोयाबीनच्या भुसकटाची ओंजळ निघाली. मागचं डावं चाक हाताने फिरेना, ब्रेक जाम होता, ड्रम हात टेकवेना इतका तापलेला. ब्रेक मोकळा केला, फिल्टर बदलला, चारही टायरांत हवा भरली. पुढच्या टाकीला अ‍ॅव्हरेज अकरावरून साडेबारावर आलं. चिप तो माझ्याच टेबलावर ठेवून गेला.