‘निषेधाच्या ठरावाने काय होतं?’ : शार्लट्सव्हिलचा दाखला

अमेरिकेत द्वेषातून हिंसा झाली आणि तिथल्या संसदेने निषेधाचा ठराव केला, की एक मजकूर हमखास फिरू लागतो. असे ठराव म्हणजे कोरडे शब्द, ते एकाच बाजूला झोडपतात आणि भाषणस्वातंत्र्याचा गळा घोटतात, असा त्याचा सूर असतो. हे आरोप २०१७च्या एका ठरावाला लावून पाहू.

त्या वर्षी १२ ऑगस्टला व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलमध्ये गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा मेळावा होता. त्याला विरोध करणाऱ्यांच्या गर्दीत एकाने मोटार घातली आणि ३२ वर्षांची हेदर हायर मारली गेली. बंदोबस्तावरचं हेलिकॉप्टर कोसळून दोन पोलीसही गेले. या हिंसेचा निषेध करणारा तो ठराव.

भाषणस्वातंत्र्याचा आरोप चटकन निकाली निघतो. ठरावाने कुणाचं बोलणं गुन्हा ठरवलं नाही. उलट त्या मेळाव्याला ठरलेल्या बागेतच जमू द्या, असा आदेश आदल्या संध्याकाळी फेडरल म्हणजे केंद्रीय न्यायालयानेच दिला होता. तुम्हाला बोलायचा हक्क आहे, तसा तुमच्या बोलण्याचा धिक्कार करायचा हक्क लोकप्रतिनिधींनाही आहे.

एकतर्फीपणाचं म्हणाल, तर हो, ठरावात कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची जुनी संघटना आणि हिटलरचा विचार मानणारे नवनाझी यांची नावं आहेत. मेळावा त्यांचा होता, मोटार घालणाराही त्यांच्यातलाच होता. मग नावं कुणाची घ्यायची? शिवाय हा ठराव दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी मिळून मांडला आणि दोन्ही सभागृहांत तो विरोधाविना मंजूर झाला.

‘कोरडे शब्द’ हा आरोप मात्र सहज उडवून लावता येत नाही. एकाच सभागृहाचा साधा ठराव राष्ट्राध्यक्षांकडे जातच नाही. क्यूॲनॉन या कटकथा पसरवणाऱ्या चळवळीचा निषेध ऑक्टोबर २०२०मध्ये प्रतिनिधीगृहात ३७१ विरुद्ध १८ मतांनी झाला, तो असाच तिथे थांबला. शार्लट्सव्हिलचा ठराव मुद्दाम संयुक्त, म्हणजे दोन्ही सभागृहांनी मिळून करायचा, ठेवला होता, त्यामुळे तो सहीसाठी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यापुढे गेला. शार्लट्सव्हिलच्या हिंसेबद्दल ‘दोन्ही बाजूंना’ दोष देऊन त्यांना महिना होत आला होता. १४ सप्टेंबरला त्यांना द्वेषगटांची नावं घेणाऱ्या मजकुरावर सही करावी लागली. मला हे फार मोलाचं वाटतं. सत्तेतल्या माणसाला मोघम बोलून निसटायची वाट त्या दिवशी बंद झाली.

त्याच ठरावात द्वेषगुन्ह्यांची, म्हणजे वंश, धर्म अशा कारणांच्या द्वेषातून झालेल्या गुन्ह्यांची, नोंद सुधारा, अशीही मागणी होती. ती किती रास्त होती पाहा: हेदरचा खून द्वेषगुन्हा म्हणून कोर्टात उभा राहिला, मारेकऱ्याला जन्मठेप झाली, पण एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेच्या द्वेषगुन्ह्यांच्या आकडेवारीत तो मोजलाच गेला नव्हता. मे २०२१मध्ये नोंदी सुधारण्यासाठी राज्यांना निधी देणारा कायदा झाला, त्यात तिचं नाव आहे. तो ठरावामुळेच आला, असा दावा मी करणार नाही. पण मागणी संसदेच्या दप्तरी आधीच लागली होती, हे खरं.

आपल्या लोकांना तर हे परकं वाटायचं कारण नाही. २०१२मध्ये अमेरिकेतल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात गोळीबार झाला. त्यानंतर शीख आणि हिंदूविरोधी गुन्हे एफबीआय वेगळे मोजू लागली, तेही २०१५पासून. त्याआधी असे गुन्हे ‘इतर’ धर्मांच्या रकान्यात जात.

एफबीआयला ही आकडेवारी पाठवणं स्थानिक पोलिसांवर केंद्राने अजूनही सक्तीचं केलेलं नाही. ठरावांना नावं ठेवणाऱ्यांनी त्या सक्तीचा आग्रह धरला, तर मी त्यांच्या बाजूने उभी राहीन.