वाचाल तर पडाल

गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर जायचं तुम्ही मनावर घेतलंत, हे उत्तम केलंत. नगरपालिकेला खर्च फार, पतसंस्थेत चौकश्या फार, हाउसिंग सोसायटीत शिव्या फार. वाचनालय त्या मानाने निर्धोक. व्यासपीठावर खुर्ची मिळते, वर्षाला चार-दोन शाली होतात आणि मानधन नसल्यामुळे निःस्वार्थ सेवाही आपोआप पदरात पडते. एकच खबरदारी घ्या. वाचनाची सवय असेल तर निकाल लागेपर्यंत ती चारचौघांत दाखवू नका. वाचणाऱ्या उमेदवाराला सभासद बिचकतात. हा निवडून आला तर पुस्तकांबद्दल बोलत बसेल, अशी त्यांना रास्त भीती वाटते.

कामाला मतदार यादीपासून लागा. नवखे उमेदवार इथेच घसरतात. संध्याकाळी देवघेवीच्या खिडकीपाशी उभे असतात तेच मतदार, असं समजून ते त्यांना नमस्कार घालत सुटतात. आधी संस्थेची घटना मिळवा. ती कपाटात असते, कपाटाची किल्ली कार्यवाहांकडे असते आणि कार्यवाह मुलीकडे गेलेले असतात. तरी मिळवा, झेरॉक्सची झेरॉक्स का होईना, आणि मताचा अधिकार कोणाला ते बघा. दरमहा पैसे भरून पुस्तक नेणाऱ्या साधारण सभासदाची वर्गणी जरा थकली की त्याचं नाव यादीतून उडतं. आजीव सभासद एकदाच पैसे भरतो आणि पुन्हा पायरी न चढता जन्मभर मतदार राहतो. म्हणजे जो येतो त्याच्या मताचा भरवसा नाही आणि ज्याच्या मताचा भरवसा आहे तो येत नाही. चपला कोणाच्या दारात झिजवायच्या ते यावरून ठरवा.

यादी हातात आली की रकाने निवांत बघा. पत्त्याच्या रकान्यात नुसतं ‘टॉकीजच्या मागे’ असं लिहिलेलं असतं. टॉकीज पाडून तिथे मंगल कार्यालय झालं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. काही नावांपुढे कोणीतरी पेन्सिलीने ‘कै.’ लिहिलेलं दिसेल, ते कोणीतरी खोडरबराने पुसलेलं दिसेल, आणि त्याच जागी पुन्हा फिकट ‘कै.’ दिसेल. या तीन अवस्थांवरून मागच्या तीन निवडणुका कोणी जिंकल्या ते जाणकार अचूक सांगतात.

अभ्यासिकेत शिरू नका. स्पर्धा परीक्षांची मुलं तिथे सकाळी दार उघडायच्या आधीपासून उभी असतात आणि दिवे घालवेपर्यंत बसतात. इमारतीचा खरा वापर तीच करतात. पण बहुतेक घटनांमध्ये त्यांना मत नसतं, आणि पंखा कधी दुरुस्त होणार एवढंच ती विचारतात. असल्या प्रश्नांनी प्रचाराची पातळी घसरते.

पॅनल मात्र हवं. सत्तेबाहेर असाल तर ‘परिवर्तन’, आत असाल तर ‘प्रगती’. त्यात एक डॉक्टर, घटनेचा अर्थ लावायला एक वकील, खर्च सोसायला एक व्यापारी आणि शिस्तीचा भास व्हावा म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक घ्या. एक कवीही लागतो. त्याचा फोटो पत्रकावर छापा, पण प्रचारसभेत माइक त्याच्या हाताला लागू देऊ नका.

भाषणाचं फार टेन्शन घेऊ नका. ‘1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाप्रमाणे’ एवढं म्हणून दोन क्षण थांबायचं. पुढे काय म्हणायचं याची गरज पडत नाही, कारण तो कायदा सभागृहात फक्त ग्रंथपालाने वाचलेला असतो आणि त्याला बोलायची परवानगी नसते. मग रंगनाथनांवर या. 12 ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, ज्यांच्या तसबिरीला हार घालतो तेच. त्यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली आणि आपल्याकडची मंडळं ती काटेकोर पाळतात, हे ठासून सांगा. ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ हे पहिलं सूत्र. म्हणून तर सोहळ्याच्या फोटोत मागे काचेची कपाटं घेतात. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे चौथं. त्याची अंमलबजावणी फार सोपी आहे. ‘ते पुस्तक बाहेर गेलंय’ असं दारातच सांगितलं की वाचकाचा अख्खा अर्धा तास वाचतो. ‘ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे’ हे पाचवं म्हणताना हात वर करून मजल्यांकडे दाखवा.

कारण जाहीरनाम्याचा गाभा इमारत हाच असायला हवा. पुस्तकांवर निवडणूक जिंकता येत नाही, गाळ्यांवर येते. तळमजल्यावर दुकानांचे गाळे, पहिल्या मजल्यावर लग्न-मुंजीला देता येईल असं सभागृह, आणि ग्रंथ दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट ‘दुसऱ्या टप्प्यात’ असं लिहा. आता नियमित वाचणारे बहुतेक सत्तरीपलीकडचे, गुडघ्यांनी जेरीस आलेले. दोन जिने ते पहिल्या महिन्यात चढतील, दुसऱ्यात शेजारच्या मुलाला पाठवतील, तिसऱ्यात अनामत परत मागतील. मग वार्षिक अहवालात ‘वाचनसंस्कृतीचा ऱ्हास’ या विषयावर दीड पान लिहिता येतं, आणि ओस पडलेल्या दुसऱ्या मजल्यावर कोचिंग क्लासला जागा देण्याचा ठराव सर्वानुमते होतो. एवढी दूरदृष्टी आमदारकीलाही लागत नाही.

निवडून आल्यावर अध्यक्षपदाच्या मागे लागू नका. ती शोभेची जागा आहे, शहरातल्या एखाद्या वयोवृद्धांना देऊन टाका. तुम्ही ग्रंथखरेदी उपसमिती धरा. सरकारी अनुदान वर्षातून दोन हप्त्यांत येतं, दुसरा हप्ता बहुधा आर्थिक वर्ष सरता सरता, आणि ते 31 मार्चच्या आत खर्च झालेलं कागदावर दिसावं लागतं. वाचकांची मागणी-वही चाळत बसायला या दिवसांत कोणाला सवड असते? एखादी सभासद बाई एकाच पुस्तकाचं नाव त्या वहीत दर दोन महिन्यांनी लिहीत असते, दर वेळी थोड्या मोठ्या अक्षरात. ते पुस्तक घेऊ नका. त्यावर सूट कमी मिळते. ज्या याद्यांवर घसघशीत सूट मिळते त्यांत व्यक्तिमत्त्व विकास, घरगुती उपचार आणि विक्रेत्याच्या मेहुण्याचे काव्यसंग्रह असतात. गठ्ठे येतात, दाखल नोंदवहीत क्रमांक चढतात, शिक्के बसतात. तपासणीला आलेले साहेब क्रमांक मोजतात. अ, ब, क, ड या सरकारी वर्गवारीत आपला वर्ग टिकतो. पुस्तकांची पानं चिकटलेली राहिली म्हणून आजवर कोणाचा वर्ग उतरल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

ग्रंथपालाशी गोड बोला. या माणसाचं वेतन अनुदानातून निघतं आणि अनुदान येईल तेव्हा निघतं. सेवेत पंचवीस वर्षं झालेली असतात, वेतनश्रेणीची मागणी त्याहून जुनी. कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर मागे पडलंय, कोणत्या आजोबांना वर्तमानपत्रात आधी शब्दकोडं लागतं, पावसाळ्यात कोणत्या कपाटामागे ओल येते, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. म्हणूनच मंडळाच्या बैठकीत त्याला चहा सांगायला पाठवायचं आणि तो परत येईपर्यंत ठराव मंजूर करून घ्यायचे. माहीतगार माणूस समोर असला की निर्णयाला उगीच वेळ लागतो.

संस्था जुनी असेल तर निम्मं काम झालंच म्हणा. पुणे नगर वाचन मंदिर 1848 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 चं. आपलंही वाचनालय त्याच काळातलं, निदान त्याच मातीतलं, असं म्हणत राहिलं की आज काय चाललंय हे विचारायला लोक कचरतात.

वार्षिक सर्वसाधारण सभेला घाबरायचं कारण नाही. नोटिशीच्या तळाशी एक ओळ बारीक टायपात असते: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल व त्या सभेस गणपूर्तीची अट राहणार नाही. संपूर्ण घटनेत एवढं कसदार वाक्य दुसरं नाही. ठरल्या वेळी सात जण जमतात. सभा तहकूब होते. अर्धा तास वडा आणि हवापाणी. मग तेच सात जण तीच सभा घेतात, मागचं इतिवृत्त कायम होतं, हिशेब मंजूर होतात आणि ऐनवेळचे विषय ऐनवेळी सुचत नाहीत. कोणी आठवा माणूस मागच्या रांगेतून मागणी-वहीबद्दल विचारू लागलाच, तर ‘सूचना चांगली आहे, लेखी द्या’ म्हणा. लेखी सूचना मागणी-वहीतच डकवायची असते.

आणि समजा, एवढं करूनही पडलात. खचू नका. पहिला मार्ग स्वीकृत सदस्याचा, त्यासाठी विजयी पॅनलमधल्या डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब तपासून यावं. तो फसला तर दुसरा, अधिक भरवशाचा. नव्या मंडळाला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे मंडळ बदलल्याची नोंद करून घ्यायचा अर्ज, द्यावा लागतो. तुम्ही त्यावर हरकत घ्या. हरकतीला काय कारण द्यावं हा प्रश्न पडेल, तर यादीतले ते पेन्सिलीचे ‘कै.’ आहेतच. मग नोटिसा निघतील, वकीलपत्रं दाखल होतील, साक्षीदार गैरहजर राहतील, पुढची तारीख पडेल. बँक म्हणेल, सह्या कोणाच्या चालवायच्या ते आधी ठरवा. पुस्तकखरेदी थांबेल, ग्रंथपालाचा पगार थांबेल, आणि तुम्ही न निवडून येता वाचनालय चालवत असाल. निकाल लागेपर्यंत मंडळाची मुदत संपलेली असते. पुढच्या निवडणुकीचा फॉर्म त्याच दिवशी घेऊन ठेवा, गर्दी असते.