वॉकर, टकर, फुलर: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

‘वॉकर’ या इंग्रजी आडनावावरच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढं मोकळेपणाने लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. वॉक म्हणजे चालणं हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तेव्हा वॉकर म्हणजे पायी फिरणारा निरोप्या, नाहीतर राजाच्या जंगलात गस्त घालणारा राखणदार. हा सरळ अर्थ सोडून मी ओढूनताणून लोकर तुडवणाऱ्या कामगारांपर्यंत गेलो, असं तुम्हाला वाटतं. एकाच कामाला फुलर, टकर आणि वॉकर अशी तीन-तीन आडनावं कशाला, हाही तुमचा प्रश्न आहे. आणि सगळ्यात लागलेलं वाक्य शेवटचं: मँचेस्टरला तुमच्याच ऑफिसात एक वॉकर आहेत, त्यांना ‘मुताच्या हौदात उभं राहणाऱ्यांचे वंशज’ ठरवणं म्हणजे आडनाव ऐकून जात हुंगायची आपली खोड तिकडच्या लोकांवर लादणं.

आधी ते काम काय होतं ते नीट सांगायला हवं. मूळ लेखात मी ते दोन ओळींत उरकलं होतं, आणि सगळा वाद तिथूनच सुरू झाला आहे.

मागावरून नुकतं उतरलेलं लोकरीचं कापड अंगावर घालण्याजोगं नसतं. वीण विरळ असते, उजेडाकडे धरलं तर आरपार दिसतं. मेंढीच्या अंगची चरबी आणि विणताना लागलेलं तेल त्यात तसंच असतं. हे कापड एका हौदात घालायचं, त्यावर पाणी, शिळं मूत आणि एक विशिष्ट चिकणमाती टाकायची आणि अनवाणी पायांनी तासन् तास तुडवायचं. शिळ्या मुतातला अमोनिया चरबी सोडवतो, माती ती शोषून घेते. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर बारीक खवले असतात. ओल आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात, कापड आटतं, दाट होतं, वारापाऊस अडवतं. मग ते स्वच्छ पाण्यात धुऊन, लाकडी चौकटीवर आकड्यांनी ताणून उन्हात वाळवायचं. ती चिकणमाती आपल्या घरोघरी आहे, आपण तिला मुलतानी माती म्हणतो. इंग्रजीत तिचं नावच ‘फुलरची माती’ असं आहे. चेहऱ्याला लावताना तिचा गुण तोच असतो, तेलकटपणा ओढून घेणं.

हे काम पायांनीच व्हायचं याला पुरावा आहे. पॉम्पेईत अशा एका कारखान्याच्या खांबावर रंगवलेलं चित्र सापडलं, ते आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. त्यात माणसं हौदांत उभी राहून कापड तुडवताना दिसतात. हे झालं रोमन काळाचं. खास इंग्लंडचा पुरावा चौदाव्या शतकातल्या विल्यम लँगलंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’ या काव्यात आहे. मागावरून आलेलं कापड पायाखाली किंवा यंत्राच्या लाकडी ठोकळ्यांत तुडवल्याशिवाय, धुतल्याशिवाय, काटेरी बोंडांनी खरवडल्याशिवाय आणि ताणल्याशिवाय नेसण्यालायक होत नाही, असं तिथे स्वच्छ म्हटलं आहे. ‘पायाखाली किंवा यंत्रात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पाण्यावर चालणाऱ्या, लाकडी हातोड्यांनी कापड कुटणाऱ्या गिरण्या इंग्लंडमध्ये बाराव्या शतकातच आल्या होत्या. टेंप्लर नाइट या ख्रिस्ती लष्करी पंथाने ११८५ साली आपल्या मालमत्तेची जी मोजदाद केली, तीत लीड्सजवळच्या टेंपल न्यूसमला अशी गिरणी नोंदलेली आहे. म्हणजे गिरण्या आल्यावरही दोनशे वर्षं पाय आणि हातोडे दोन्ही चालू होते. आणि उत्तरेत त्या गिरणीलाही लोक ‘वॉक मिल’ म्हणत राहिले. ती गिरणी काही कुठे चालत जात नव्हती!

आता ‘वॉक म्हणजे चालणं’ याबद्दल. जुन्या इंग्रजीत ‘वेआल्कन’ या क्रियापदाचा अर्थ लोळवणं, घुसळणं, उलटंपालटं करणं असा होता. त्याच्यापासून ‘वेआल्केरे’ म्हणजे कापड तुडवणारा, आणि त्याचाच पुढे वॉकर झाला. ‘पायी चालणं’ हा अर्थ साधारण १२०० च्या सुमारास पुढे येतो. म्हणजे धंद्याचा शब्द आधीचा, आपल्याला शाळेत शिकवलेला अर्थ नंतरचा. जर्मनमध्ये ‘वाल्केन’ हे क्रियापद आजही कापड तुडवण्यासाठीच आहे आणि तिकडे वॉकरचं भावंड शोभेल असं ‘वाल्कर’ हे आडनावही आहे. जंगलाच्या राखणदाराला पुढे वॉकर म्हणत, हे तुमचं म्हणणं खोटं नाही. पण तो वापर मुख्यतः आडनावं पक्की झाल्यानंतरच्या काळातला आहे. शिवाय राजाची जंगलं दक्षिणेतही भरपूर होती. हॅम्पशरचं न्यू फॉरेस्ट घ्या, एसेक्सचं जंगल घ्या. राखणदारांमुळे हे आडनाव पडलं असतं तर ते तिथेही दाटीने दिसायला हवं होतं. तसं ते दिसत नाही.

इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं, आणि मला या सगळ्या विषयाचं वेड लागलं ते याच टप्प्यावर. एकाच कामाला तीन नावं पडली, कारण इंग्लंडच्या तीन भागांत बोली वेगळ्या होत्या. आग्नेयेकडे आणि पूर्वेकडे, म्हणजे केंट, ससेक्स, एसेक्स, सफक, नॉरफक या पट्ट्यात ‘फुलर’. नैर्ऋत्येला डेव्हन, सॉमरसेट, कॉर्नवॉलमध्ये ‘टकर’. मिडलंड्सपासून वर यॉर्कशर, लँकेशर आणि पुढे स्कॉटलंडपर्यंत ‘वॉकर’. मध्ययुगीन करनोंदींत ही विभागणी दिसते आणि १८८१ च्या ब्रिटिश शिरगणतीवरून आडनावांचे जे नकाशे केले गेलेत त्यांतही ठळक दिसते. मधल्या पाचशे वर्षांत प्लेगच्या साथी येऊन गेल्या, यादवी झाली, यंत्रयुग आलं, खेडी ओस पडून शहरं फुगली. तरी डेव्हनमधला टकर बहुतांशी डेव्हनमध्येच सापडतो आणि यॉर्कशरचा वॉकर यॉर्कशरात. बोलीभाषेची एवढी जुनी सीमारेषा माणसांच्या नावांत शाबूत राहिली याचं मला अजूनही नवल वाटतं.

जागांच्या नावांत तेच. कॉर्नवॉलमध्ये कँबर्नला लागून टकिंगमिल नावाचं गाव आहे. वेल्समध्ये अशा गिरणीला ‘पँडी’ म्हणतात, आणि खाणकामगारांच्या लढ्यामुळे प्रसिद्ध झालेल्या टोनीपँडीच्या नावात तीच गिरणी आहे. पण माझा सगळ्यात आवडता पुरावा एक्सेटरचा आहे. तिथे विणकर, फुलर आणि कापड कातरणारे यांच्या संघाची १४७१ मध्ये बांधलेली वास्तू आजही उभी आहे. संघाच्या अधिकृत नावात शब्द आहे ‘फुलर’. वास्तूचं नाव मात्र ‘टकर्स हॉल’! कागदावर एक शब्द, गावाच्या तोंडी दुसरा, आणि माणसं तीच. तीन आडनावं एकाच कामाची आहेत यावर यापेक्षा बोलका दाखला मला देता येणार नाही.

आडनाव वंशपरंपरेने कसं चिकटलं तेही सांगतो. १०६६ नंतर नॉर्मन सरदारांनी ही पद्धत आणली, सामान्य लोकांत ती हळूहळू झिरपली. दक्षिणेत आधी, उत्तरेत नंतर. साधारण १४०० पर्यंत बहुतेक इंग्रज घराण्यांना कायमचं आडनाव लागलं होतं. १३७७, १३७९ आणि १३८१ साली राजाने डोईपट्टी बसवली. १३७९ च्या, यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग या पश्चिम भागाच्या याद्या आजही वाचता येतात. साध्या नवरा-बायकोवर मिळून चार पेन्स कर, कारागिरांवर जास्त, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी नावापुढे धंदाही लिहिलेला. वॉकर, वेबस्टर म्हणजे विणकर, लिस्टर म्हणजे रंगारी, अशी कापडधंद्याची नावं त्या भागात पेरल्यासारखी पसरलेली आहेत, कारण लोकरीवरच तो मुलूख जगत होता.

एका बाबतीत मात्र तुमच्या शंकेला जागा आहे आणि ती मी मोकळेपणाने मान्य करतो. न्यूकॅसलला टाइन नदीकाठी वॉकर नावाचा भागच आहे. त्याचा तुडवण्याशी काही संबंध नाही. रोमन सम्राट हेड्रियनने बांधलेल्या भिंतीलगतची पाणथळ जागा, असं ते नाव आहे. त्या गावावरून कुणा घराण्याला वॉकर नाव पडलेलं असू शकतं. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आणखी निराळं घडलं. तिथे कापड तुडवणाऱ्याचा मुलगा अशा अर्थाचं गेलिक (तिथल्या जुन्या भाषेतलं) नाव होतं, इंग्रजीत येताना त्याचं थेट वॉकर झालं. त्याच गेलिक मुलखातल्या पश्चिमेच्या बेटांवर हे काम बायका करत. फळीभोवती बसून ओलं कापड आपटायचं आणि तालावर गाणी म्हणायची, आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखी. ही गाणी विसाव्या शतकापर्यंत कामासोबत जिवंत होती. तेव्हा सगळे वॉकर एका रक्ताचे, असं मी मूळ लेखातही म्हटलेलं नाही. गावोगावी एकेक कापड तुडवणारा होता, म्हणून गावोगावी एकेक वॉकर घराणं स्वतंत्रपणे सुरू झालं. लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटिश आडनावं आणि आडनावासारखंच बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र यांची सांगड तपासली, तेव्हा स्मिथसारख्या अतिप्रचलित नावात नाते जुळण्याचं प्रमाण कुणाही दोन अनोळखी माणसांइतकंच निघालं. अ‍ॅटनबरोसारख्या दुर्मीळ नावात मात्र बहुसंख्य पुरुष एकाच पूर्वजाकडे जाताना दिसले. वॉकर हे स्मिथच्या जातकुळीतलं नाव आहे.

अमेरिकेकडे पाहिलं की हे अधिकच पटतं. २००० च्या अमेरिकन जनगणनेत वॉकर २८ व्या क्रमांकावर होतं, २०१० मध्ये ३१ व्या. माणसं कमी झाली नाहीत, पाच लाखांच्या वरच राहिली, पण पेरेझ, सांचेझ, रामिरेझ ही स्पॅनिश नावं पुढे गेली. त्या वॉकरांपैकी सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय आहेत. केसांच्या प्रसाधनांच्या धंद्यातून मोठ्या झालेल्या मॅडम सी. जे. वॉकर या जन्माने सेरा ब्रीडलव्ह होत्या. गुलामीतून सुटलेल्या आईबापांच्या पोटी १८६७ साली लुइझियानात जन्मल्या, आणि वॉकर हे नाव त्यांना नवऱ्याकडून मिळालं. यॉर्कशरच्या कुठल्या हौदाशी त्यांचा रक्ताचा धागा शोधणं अर्थहीन आहे. नाव एका वाटेने जातं, रक्त दुसऱ्या.

आपल्याकडेही हे नाव येऊन गेलं आहे. बडोद्याला गायकवाडांच्या दरबारी १८०२ पासून कंपनीचा रेसिडेंट होता तो अलेक्झांडर वॉकर, मुंबईच्या सैन्यातला स्कॉटिश अधिकारी. काठेवाडातल्या संस्थानांच्या खंडणीचा १८०७ चा बंदोबस्त त्याच्याच नावाने ओळखला जातो. आणि वॉकर म्हणजे ऐटीत चालणारा माणूस, हे चित्र आपल्या डोक्यात आहे त्याचं श्रेय व्हिस्कीच्या बाटलीला आहे. किल्मार्नकच्या जॉन वॉकरने १८२० मध्ये किराणा दुकान काढलं. तो टोपीवाला, काठीवाला चालणारा गृहस्थ मात्र टॉम ब्राउन या चित्रकाराने १९०८ मध्ये काढला. मुंबईत बेस्टच्या बसवर कंडक्टर असलेल्या बद्रुद्दीन काझी यांनी पडद्यावर घेतलेलं जॉनी वॉकर हे नाव त्याच बाटलीवरचं. चालण्याशी या आडनावाचं नातं जुळलं ते असं, जाहिरातीतून.

आता अपमानाबद्दल. हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. आपल्याकडे आडनावावरून माणसाची पायरी ठरवली जाते आणि त्याची चीड तुम्हाला आहे, मलाही आहे. पण इंग्लंडात आडनाव पक्कं झालं तेव्हा ते धंद्यापासून सुटलं. वॉकरचा मुलगा लोहार झाला, नातू पाद्री झाला, तरी नाव वॉकरच राहिलं. त्या नावाने त्याला हौदात परत ढकललं नाही, लग्नाचा सोयरा ठरवला नाही, विहिरीवरून हाकललं नाही. आपल्याकडे ज्याने माणसाला जखडलं ते नाव नव्हतं, ती त्यामागची सक्ती होती. ती सक्ती जिथे नव्हती तिथे पूर्वजांचं काम सांगण्यात कमीपणा कसला? इंग्लंडची मध्ययुगीन श्रीमंती लोकरीवर उभी होती. मेंढपाळ, विणकर, व्यापारी यांची नावं पुस्तकांत येतात. थंडीत उघड्या पायांनी त्या पाण्यात उभं राहणाऱ्याचं स्मारक म्हणावं असं फारसं काही नाही. त्याचं आडनाव आहे. ‘घाणेरडं वाटतं’ म्हणून त्याला जंगलाचा राखणदार बनवायला मी तयार नाही.

तुमच्या ऑफिसातल्या वॉकरसाहेबांशी बोलणं झालं तर एवढंच विचारा, की १८८१ च्या आसपास त्यांचं घराणं कुठल्या गावी होतं. हॅलिफॅक्स किंवा लीड्सच्या बाजूचं असेल तर माझा कौल हौदाकडे. टाइनकाठचं निघालं तर हेड्रियनच्या भिंतीजवळचं गाव आधी तपासायचं. आणि आजोबा-पणजोबा स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचे निघाले तर जरूर कळवा, तिथल्या गेलिक नावांच्या रूपांतरांवर मला स्वतंत्र लिहायचंच आहे.